सिंगापूरच्या फ्रीजमधलं शिळं पाणी

सिंगापूरहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं हे आता ठरून गेलेलं आहे. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, गाड्या वेळेवर येतात, थुंकलात तर दंड. ऐकणाऱ्यांनी मान हलवायची, आपल्याकडे हे का होत नाही असं म्हणायचं आणि बोलता बोलता रस्त्याच्या कडेला थुंकायचं. मीही जाऊन आलो. रस्ते स्वच्छ आहेत, गाड्या वेळेवर येतात. हे एकदा सांगून टाकलं, आता ज्यासाठी गेलो होतो त्याकडे वळतो. मी सिंगापूरला पाणी घेऊन गेलो होतो.

मी भूशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर जमिनीखालचं पाणी शिकवलं, त्यामुळे जमिनीवरच्या लोकांना माझा फारसा उपयोग झालेला नाही. तर कोरड्या नदीखोऱ्यांमधलं पाणी आणि त्यातले क्षार मुळात कुठून येतात, या विषयावर एक चर्चासत्र होतं. भरवणाऱ्यांनी त्यासाठी जागा निवडली सिंगापूर, जिथे दुपारी पाऊस पडला नाही तर लोक आभाळाकडे संशयाने बघतात. आमच्या माण नदीच्या काठी भरवलं असतं तर विषय खिडकीतून दिसला असता. पण तिथे एवढ्या विद्वानांना अंघोळीला पाणी कुठून आणणार, हाही प्रश्नच होता.

माणकाठी आमचं गाव आहे. नदी आहे, म्हणजे नकाशात आहे. गावात थोरला भाऊ असतो आणि कुसुमवहिनी सरपंच आहेत. काही वर्षांपूर्वी गावाने खोल बोअर मारलं आणि पाणी लागलं. जुन्या विहिरीच्या चुनखडीच्या पाण्यात तूरडाळ दुपारपर्यंत शिजायची नाही. या नव्या पाण्यात ती लोण्यासारखी शिजू लागली, साबणाला फेस आला, गाव खूश झालं. माझ्यासारख्याने तेव्हाच कान टवकारायला हवे होते. डाळ शिजवणारं पाणी म्हणजे ज्यातला चुना गेला आणि सोडा आला असं पाणी. फार काळ खडकात पडून राहिलं की असं होतं, आणि चुना गेला की खडकातलं फ्लोराइड मोकळेपणी पाण्यात उतरतं. पण मी तेव्हा पुण्यात परिसंवादांमध्ये व्यस्त होतो. आज वहिनींची नात परी हसताना तोंडावर हात धरते, कारण तिच्या दातांवर तपकिरी डाग आहेत.

आता गावात दुसऱ्या बोअरचा घाट घातला गेला होता. डाळिंबवाल्यांना ते हवं होतं, मशीनवाल्याशी बोलणंही झालं होतं. दुसरा पक्ष म्हणत होता की जुना पाझर तलाव गाळाने भरलाय, तो साफ करा. वहिनींनी बोअरचं मशीन अडवून धरलं आणि मला फोन केला.

"भावजी, त्ये खालचं पाणी भरतंय का नुसतं सरतंय, एवढं सांगा. भरत असंल तर मारू द्या बोअर, ताजं मिसळत राहील. सरत असंल तर जितकं खाली जावं तितकं वंगाळ, असं तुम्हीच सांगितलंय. परीचं झालं ते झालं. तिच्या धाकट्या भावाचे पक्के दात अजून यायचेत."

ग्रामसभा माझ्या परतीच्या दुसऱ्याच दिवशी होती. तोवर उत्तर हवं होतं.

उत्तर शोधायची रीत तशी सोपी आहे. पाणी सगळं सारखं नसतं. बरंचसं हलकं असतं आणि त्यात अगदी थोडं जड मिसळलेलं असतं. उन्हात पातेलं ठेवलं की हलकं आधी उडून जातं, जड मागे राहतं. म्हणून तलावाचं पाणी जड, पावसाचं त्या मानाने हलकं. बोअरचं पाणी तलावाशी किंवा हल्लीच्या पावसाशी जुळलं तर ते भरतंय. दोन्हींपेक्षा हलकं निघालं, तर ते आपल्या ओळखीच्या पावसाचं नाहीच. कुठल्यातरी जुन्या, थंड, भरपूर पावसाच्या काळात मुरलेलं ते पाणी आपण नुसतं उपसतोय. हे मोजायचं यंत्र आपल्याकडेही आहे, पण त्याच्यापुढची रांग माझ्या आयुष्यापेक्षा लांब होती. सिंगापूरला माझा विद्यार्थी सिद्धार्थ एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. तो म्हणाला, "सर, येताय तर घेऊनच या."

चांगी

तलाव, विहीर, पाऊस आणि नदीतला झरा यांच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या मी कपड्यांत गुंडाळल्या होत्या. बोअरचं पाणी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ते एका मोठ्या बाटलीत, बुडबुडाही राहणार नाही असं काठोकाठ भरून, झाकणाला टेप गुंडाळून घेतलं होतं. चांगी विमानतळावर एका तरुण अधिकारी बाईंनी बॅग उघडायला लावली.

"अंकल, धिस वन व्हॉट?"

"वॉटर."

"ओन्ली वॉटर?" तिने बाटली उजेडात धरली. "हिअर ऑल्सो गॉट वॉटर, व्हॉट."

तिचं बरोबर होतं. तिच्या पाठीमागे थोड्याच अंतरावर विमानतळाच्या इमारतीच्या आत, छतातून एक अख्खा धबधबा कोसळत होता आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. हा देश शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो, समुद्राचं गोडं करतो, वापरलेलं गाळून पुन्हा पितो आणि उरलेलं पाहुण्यांना बघायला छतातून सोडतो. आमच्याकडे धबधबा बघायचा तर चार महिने थांबावं लागतं. प्रयोगशाळेचं पत्र दाखवल्यावर बाईंनी बाटली परत दिली, जरा दयेनेच.

ईस्ट कोस्ट

उतरायचं होतं सुमनअक्काच्या मुलाकडे. सुमनअक्का माझी थोरली मावसबहीण. कोथरूडचं घर कुलूपबंद करून ती मुलाकडे, अमेयकडे, राहायला आली आहे आणि आल्या दिवसापासून त्या कॉन्डोतल्या फ्लॅटला शिस्त लावते आहे. अमेय आयटीत मॅनेजर, बायको ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला गेलेली, मुलगी इरा शाळेत. इराशी आजी मराठीत बोलते, इरा इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींचं उत्तम भांडण होतं.

"विनू, आधी हातपाय धू," अक्का म्हणाली. मी साठी ओलांडली आहे हे तिला कोणीतरी कळवायला हवं.

मी बोअरची बाटली फ्रीजमध्ये ठेवली. त्यातलं नायट्रेट टिकवायचं तर थंड ठेवावी लागते. छोट्या बाटल्या बॅगेतच राहू दिल्या. जिची जास्त काळजी घेतली तिचंच पुढे काय झालं, ते सांगतोच.

संध्याकाळी अमेयने गॅलरीत खुर्च्या टाकल्या. "मामा, कोकम घेणार?" असं विचारताना त्याने डोळा मारला. स्टीलच्या पेल्यात कोकम म्हणून जे आलं ते स्कॉटलंडमध्ये पिकतं. खाली पोहण्याच्या तलावात निळं पाणी चमकत होतं, पलीकडे झाडीतून समुद्र दिसत होता. एक घोट घेतला आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला.

"अमेय, तुमच्या या देशाचा बर्फ बघ. पांढरट. आणि पाण्याला चव आहे. किंचित मचूळ."

"असेल मामा. इथलं पाणी चार ठिकाणांहून येतं."

"तेच म्हणतोय मी. एवढा श्रीमंत देश आणि बर्फ आमच्या माणकाठच्यासारखा. आता मला सांगायला कशाला हवं? जीभ तयार झाली आहे आमची. कुठल्या विहिरीचं पाणी आहे ते डोळे मिटून सांगेन." असं म्हणून मी आणखी दोन तुकडे मागून घेतले. अमेय मोठा गुणी मुलगा आहे, त्याने लगेच आणून दिले.

दुसऱ्या दिवसापासून चर्चासत्र सुरू झालं. सभागृह इतकं थंड होतं की वाळवंटावर बोलणारे विद्वान कोट घालून कुडकुडत होते. प्रत्येकासमोर पाण्याची बंद बाटली होती. एक गृहस्थ पाण्याच्या टंचाईवर फार कळवळून बोलले, अर्धी बाटली प्यायले, उरलेली टेबलावर सोडून जेवायला गेले. जेवणाला मी उपाशी राहिलो असं मात्र नाही.

खरं जेवण बाहेर होतं. पार्काजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली नीट रांगेत बसवल्या आहेत अशा जागी, अमेय मला घेऊन गेला. गर्दी होती, पण एक टेबल चक्क रिकामं. त्यावर कोणीतरी टिश्यू पेपरचं पाकीट विसरलं होतं. मी बसलो, एक टिश्यू काढून घाम पुसला आणि ते पाकीट अमेयपुढे सरकवलं. तेवढ्यात नूडल्सचे वाडगे घेऊन एक चिनी आजोबा आले, पाकिटाकडे बघत राहिले, मग माझ्या कपाळाकडे.

"मामा, उठा," अमेय हळूच म्हणाला. "टिश्यू ठेवलं म्हणजे जागा धरली."

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच हे. पण कुणाच्या रुमालाने मी आजवर घाम पुसला नव्हता. आजोबा उलट सरकून बसले आणि आम्हाला जागा दिली. मी कॅरट केक मागवला होता. त्यात गाजर नव्हतं आणि तो केकही नव्हता. मुळ्याचा, अंड्यात परतलेला तो प्रकार इतका चांगला होता की नावाबद्दल मी कुणालाही माफ करायला तयार झालो.

आंग मो किओ

चर्चासत्र संपल्यावर सकाळी घाईघाईत फ्रीजमधून बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि छोट्या बाटल्यांसह आंग मो किओला निघालो. झाकणाला गुंडाळलेली टेप दिसली नाही. थंडीने सुटली असेल, असं मी मलाच समजावलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो की नमुन्याचं झाकण उघडलेलं दिसलं तर तो नमुना फेकून द्या. पण ते विद्यार्थ्यांसाठी.

सिद्धार्थची प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीत आहे. तो सोलापूरकडचा. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि पुढच्या बाकावरच्यांना न सुचणारे प्रश्न विचारायचा. त्याने सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या, मोठीवर माझी चिठ्ठी वाचली.

"हेच ते?"

"हेच. याच्यावर माझ्या वहिनीचं सरपंचपद आणि एका पोराचे दात अवलंबून आहेत. नीट बघ."

"उद्या सांगतो. शनिवार आहे, तुम्ही माझ्याकडेच या. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे."

सेम्बावांग

गंमत खरोखरच गंमत होती. ज्या बेटावर मी छतातून पडणारं पाणी बघितलं, तिथे सेम्बावांगला जमिनीतून कढत पाणी वर येतं. गरम पाण्याचा झरा. सिंगापूरने त्याला बाग केली आहे, पायऱ्या केल्या आहेत, पाय बुडवायला उथळ हौद केले आहेत. आपल्याकडे असा झरा सापडला की प्रथम देव सापडतो, मग पुजारी, मग नारळवाले. इथे फक्त नळ लावला होता आणि त्या नळावर लोक बादल्या भरून अंडी उकडत होते.

सिद्धार्थच्या बायकोने अंडी आणि मीठ-तिखटाची पुडी दिली होती. आम्ही बादली भरली, अंडी सोडली आणि हौदात पाय घालून बसलो. आमच्या एका बाजूला मलाय बाई तिच्या आईचे गुडघे शेकत होती, दुसऱ्या बाजूला दोन चिनी काका वर्तमानपत्र वाचत होते. एका पाण्यात बरेच पाय होते. मी ग्रॅनाइटच्या भेगांबद्दल बोलत होतो. सिद्धार्थ ऐकत होता, मग म्हणाला, "आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती सर. पाण्याचा धर्म बघा, खाली एकच होतं. वरच फक्त दोन दोर होते."

मी ग्रॅनाइटच्या भेगा तिथेच सोडून दिल्या. प्राध्यापकाला असं क्वचित होतं.

"निकाल सांगू?" त्याने विचारलं. "बोअरचं पाणी जड आहे. तलावाच्याही पुढे."

मी पाय काढून उभाच राहिलो. जड म्हणजे उन्हात पडलेलं, म्हणजे वरून मुरतंय, म्हणजे भरतंय. वहिनींना कळवायचं, मशीन येऊ दे, धाकट्याचे दात पांढरे येतील. मी खिशातून फोन काढलासुद्धा.

"सर, थांबा," सिद्धार्थ म्हणाला. तो अंड्याचं कवच फार काळजीपूर्वक काढत होता. "क्षार जवळजवळ नाहीत. सोडा नाही. नळाच्या पाण्यात घालतात ते औषध मात्र आहे. गावात समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना वगैरे काढलाय का?"

मी फोन लावला, पण गावाला नाही, ईस्ट कोस्टला.

"अक्का, फ्रीजमधली माझी मोठी बाटली. तिला कोणी हात लावला होता?"

"हात काय लावायचा? रोज सकाळी सगळ्याच बाटल्या रिकाम्या करते मी," सुमनअक्का म्हणाली. "तुझी तर कधीची होती कोण जाणे. निदान मंगळवारची तरी असेलच, तू आलास तेव्हाची. बुधवारी बघितली, म्हटलं, शिळं पाणी कशाला ठेवायचं घरात. कढीलिंबाला घातलं, बाटली विसळली आणि ताजं भरून ठेवलं. तुझी चिठ्ठी काढली नाही हो, पाहुण्याची वस्तू आहे."

फोनवर मी काय बोललो ते आठवत नाही. सिद्धार्थ सांगतो की मी "बरं" म्हणालो. दोष तरी कुणाला देणार? आमच्या आईचाही दिवस कालचं पाणी ओतून देण्यानेच सुरू व्हायचा. ज्या गावात पाण्याचा टँकर येतो त्या गावातही सकाळी हंड्यातलं उरलेलं पाणी तुळशीला जातं आणि ताजं भरलं जातं. शिळं अन्न एकवेळ चालवून घेतील, शिळं पाणी नाही. आणि मी, पाण्याचा मोठा जाणकार, ते पाणी एका कोथरूडच्या गृहिणीच्या फ्रीजमध्ये ठेवून कोट घालून चर्चा ऐकायला गेलो होतो. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. परतीचं विमान सोमवारी, सभा मंगळवारी, आणि हातात सिंगापूरच्या नळाचा निकाल.

सेम्बावांगपासून ईस्ट कोस्ट म्हणजे बेटाच्या एका टोकापासून दुसरं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सिद्धार्थ माझ्याशेजारी बसून आला. बिचारा धीर द्यायला काहीतरी बोलत होता. मी खिडकीतून एकसारख्या उंच इमारती बघत होतो आणि कुसुमवहिनींना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळलं नाही.

पुन्हा ईस्ट कोस्ट

घरी सुमनअक्का साबुदाण्याची खिचडी परतत होती. मला बघून म्हणाली, "एवढं काय होतं त्या पाण्यात? परत आणता येईल की." तिच्या लेखी माणनदी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. मी आणि सिद्धार्थ गॅलरीत जाऊन बसलो. अमेयने कोकम आणून ठेवलं.

एक घोट घेतला. तीच चव. किंचित मचूळ, जिभेच्या मागे सोड्यासारखी बुळबुळीत. ही चव मी बोअरच्या नळाखाली ओंजळ धरून कितीदा घेतली होती. पेल्यातला बर्फ पांढरट होता.

"अमेय," मी म्हणालो, "हा बर्फ कुठल्या पाण्याचा?"

तो गडबडला. "मामा, सॉरी. तुम्ही आलात त्या दुपारी ट्रे लावायचा होता. आईने सगळ्या बाटल्या पालथ्या घातलेल्या. एक तुमचीच भरलेली होती. टेप काढून थोडं घेतलं. मला वाटलं, पाणी तर आहे."

म्हणजे पहिल्या संध्याकाळी, डोळे मिटून विहीर ओळखणारा मी, माझ्याच गावचं पाणी पिऊन सिंगापूरला नावं ठेवत होतो. आणि वर दोन तुकडे मागून घेतले होते.

आम्ही तिघंही स्वयंपाकघराकडे धावलो. इरा फ्रीज उघडून उभी होती, एका हातात चॉकलेटच्या दुधाचा ग्लास, दुसऱ्या हातात बर्फाचा ट्रे.

"इरा, तो ट्रे खाली ठेव," मी म्हणालो.

"व्हाय? जस्ट आइस लाह."

"ठेव, बाळा. तो बर्फ खूप लांबून आलाय."

इरा हसली. सगळे दात दाखवून, तोंडावर हात न धरता, पांढरेशुभ्र. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला परीची आठवण आली. ट्रेच्या झाकणाखाली चार-पाच तुकडे उरले होते.

सिद्धार्थने ट्रे हातात घेतला. "झाकण आहे, बरं झालं. थोडं उडालं असेल सर, पण फरक मोठा असेल तर कळेल. सगळे तुकडे पूर्ण वितळवून एकत्र मोजायचे." इराचा शाळेचा थर्मास धुऊन पुसून पुढे आला. एवढा वेळ बघत असलेली सुमनअक्का तेव्हा म्हणाली, "थर्मासला झाकण घट्ट लावा. आणि विनू, त्या कोकमाचा वास मला पहिल्या दिवशीच आला होता."

रविवारी आंग मो किओला प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. बर्फ वितळला. सिद्धार्थने क्षार मोजायचं मीटर त्यात बुडवलं आणि आकडा माझ्याकडे फिरवला. गावी बोअरवर मी घेतला होता त्याच्या अगदी जवळचा. फ्लोराइडही तेच. कोणाचं पाणी आहे याबद्दल आता शंका नव्हती. मग त्याने त्यातलं थोडंसं यंत्राला दिलं आणि आम्ही खाली जाऊन कॉफी प्यायलो. इथे तिला कोपी म्हणतात आणि तीत साध्या दुधाऐवजी डब्यातलं घट्ट गोड दूध घालतात, आपल्या बासुंदीच्या जवळचं.

निकाल सोमवारी चांगीला जाताना टॅक्सीत आला. पाणी हलकं होतं. तलावापेक्षा हलकं, हल्लीच्या कुठल्याही पावसापेक्षा हलकं. नेमकं किती जुनं, हे या एका मोजणीने सांगता येत नाही. पण माणकाठी तसा पाऊस आता पडत नाही आणि कुणाच्या पणजोबांच्या आठवणीतही पडलेला नाही. पाणी भरत नव्हतं. नुसतं सरत होतं.

मी वहिनींना फोन केला. निकाल सांगितला.

"मग आता लोकांना पटवायचं कसं, भावजी?"

"मी येतो ना. स्लाइड तयार आहेत."

गाव

स्लाइड तयार होत्या आणि छान होत्या. शाळेच्या वर्गात पडद्यावर लावल्या. जड पाणी लाल, हलकं निळं, बाण, आलेख. पुढे बायका बसल्या होत्या, मागे डाळिंबवाले. मी बोललो आणि वर्ग इतका शांत झाला की मला वाटलं, कळतंय. मग मागून एक डाळिंबवाला म्हणाला, "सर, इतक्या जुन्या काळचं पाणी म्हंजे मुरलेलं. लोणच्यासारखं. ते तर चांगलंच की." टाळ्या पडल्या. मशीनवाला दाराशीच उभा होता, तोही हसला.

मी स्लाइड बंद केल्या. काय करावं ते न सुचून मी सुमनअक्काची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बाटली, फ्रीज, कढीलिंब, नळाचं पाणी. लोक हसले. बर्फाचं सांगितलं तेव्हा परीही हसली, तोंडावर हात धरून. मग मी सांगितलं की ज्या पाण्याला माझी बहीण शिळं म्हणाली, ते खरंच शिळं निघालं. पावसाचं नवं पाणी त्यात पडतच नाही. खडकात बसून बसून ते खडकाचं झालंय.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे शिळंच की."

"शिळंच," मी म्हणालो.

कुसुमवहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरला, मागे डाळिंबवाल्यांकडे बघितलं. "कालचं पाणी देवाला चालत न्हाई. पावण्याला दिलं तर बोलणं खावं लागतं. मग ह्ये पोरांनाच का पाजायचं, एवढं मला कोणीतरी सांगा."

मागून कुजबुज झाली, एक-दोघं उठून गेले. पण दुसऱ्या बोअरसाठी हात वर झाले ते फक्त मागच्या रांगेतले. मशीन परत गेलं, निदान यंदापुरतं. तलावाचा गाळ काढायला सोमवारपासून सुरुवात करायची ठरली. तलाव कधी भरेल ते आभाळाच्या हातात आहे, आणि परीच्या दातांवरचे डाग जाणार नाहीत. धाकटा मात्र आजीच्या मांडीवर बसून दुधाचा हलणारा दात जिभेने ढकलत होता. त्याला पुण्यातून पाण्याचे जार पाठवायचं मी कबूल करून बसलो आहे.

संध्याकाळी सिंगापूरहून सुमनअक्काचा फोन आला. सभेचं काय झालं, ते तिला ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं.

"मग?" ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं नव्हतं, शिळं आहे म्हणून?"

म्हटलं होतं, अक्का. चर्चासत्रातल्या कुणालाही एका वाक्यात जे सांगता आलं नाही ते तू फ्रीजचं दार उघडून सांगितलंस. तुझा फक्त वार चुकला. ते मंगळवारचं नव्हतं.